थँक्सगिव्हिंगच्या ग्रेव्हीत मिसो कुठून आला?

थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेचा राष्ट्रीय सण म्हणून लिंकन यांनी १८६३ मध्ये जाहीर केला आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार १९४१ च्या कायद्याने पक्का झाला. त्या जेवणातली ग्रेव्ही म्हणजे टर्की हा पक्षी भाजताना ट्रेमध्ये उतरलेला रस आणि चरबी, त्यात परतलेला मैदा. टर्की वगळली की शाकाहारी माणसाच्या वाट्याला नुसते कुस्करलेले बटाटे येतात. मैदा-लोण्याने दाटपणा येतो, पण चव जिभेवर रेंगाळत नाही.

ही रेंगाळणारी चव कशाने येते, ते जपानमध्ये उलगडलं. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हा घटक वेगळा काढला आणि त्या चवीला उमामी म्हटलं. पुढे अकिरा कुनिनाका यांनी शिटाके अळंब्यांतल्या ग्वानिलेट या चव देणाऱ्या घटकाचा अभ्यास केला. हे दोन घटक एकत्र आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. वाळवलेले शिटाके भिजवलेलं पाणी आणि मिसो, म्हणजे सोयाबीन मुरवून केलेली खारट जपानी पेस्ट, ही जोडी ग्रेव्हीत इतकी जमते ती यामुळेच.

मिसोत ग्लुटामेट येतं ते कोजी या बुरशीमुळे. बहुतेक वेळा तांदळावर किंवा जवावर ती वाढवतात, मग शिजवलेलं सोयाबीन आणि मीठ घालून मुरवत ठेवतात. सोयाबीनमधली प्रथिनं हळूहळू फुटत जातात. पांढरा मिसो काही आठवड्यांत तयार होतो आणि गोडसर लागतो. जपानमधल्या ओकाझाकी शहराचा हाच्चो मिसो मात्र मोठमोठ्या लाकडी पिंपांत, वर दगडांची रास रचून, दोन वर्षांहून जास्त मुरतो. एवढा धीर धरून केलेल्या पदार्थाबद्दल मला फार आदर वाटतो.

अमेरिकेत जपानी स्थलांतरितांच्या घरी मिसो आधीपासून होताच. इतरांपर्यंत तो नेला मॅक्रोबायोटिक, म्हणजे धान्यं आणि भाज्यांवर भर देणाऱ्या, आहाराच्या चळवळीने. याच चळवळीतल्या मिचिओ आणि एव्हलिन कुशी यांनी १९६६ मध्ये बोस्टनमध्ये एरेव्हॉन हे दुकान काढलं. १९७६ मध्ये विल्यम शर्टलेफ आणि अकिको आओयागी यांचं मिसोवरचं पुस्तक आलं. मांसाहार सोडलेल्या घरांत सणाच्या ग्रेव्हीचा प्रश्न होताच, त्याला मिसोचं उत्तर मिळालं.

मैदा तेलात किंवा लोण्यात बदामी होऊन खमंग वास सुटेपर्यंत परतावा, मग शिटाकेचं पाणी घालून ढवळत राहावं. मिसो वाटीभर कोमट पाण्यात कालवून शेवटी घालावा, मीठ त्यानंतर चव बघूनच. सुपात मिसो उकळू नये म्हणतात. पण पाश्चराइज न केलेल्या मिसोत कोजीची पिष्ट फोडणारी विकरं (एन्झाइम्स) सक्रिय असतात, त्यामुळे घट्ट केलेली ग्रेव्ही तशीच ठेवली तर पातळ होऊ शकते. म्हणून इथे एक हलकी उकळी द्यावी.

शाकाहारी असाल तर डबा घेताना घटक वाचा. काही मिसोंत दाशी, म्हणजे जपानी सुपाचं मूळ पाणी, आधीच मिसळलेली असते आणि ती बहुतेक वेळा बोनिटो माशाची असते.