मिसळीची आग, भांगेची गुंगी

रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला निम्मं नाशिक लोटतं. लालभडक तर्री ओतून पहिला घास घेतला की जीभ पेटते, नाक वाहायला लागतं. तिखट ही खरं तर चव नव्हेच. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेतल्या वेदनावाहक मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाच्या प्रथिनाला चिकटतं. एरवी साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे उघडणारं हे प्रथिन मग कोमट घासालाही उघडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि मेंदूला निरोप जातो: भाजलं! (पाणी पिऊन काही होत नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळतच नाही. दही खा.) डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हे प्रथिन १९९७ मध्ये शोधलं, २०२१ मध्ये त्यांना नोबेल विभागून मिळालं.

आता गंमत बघा. अशाच बऱ्याच तंतूंवर सीबी-१ हेही प्रथिन असतं आणि त्याचं काम नेमकं उलटं. महाशिवरात्रीला कुणी भांग घेतली तर तिच्यातलं गुंगी आणणारं द्रव्य, टीएचसी, या सीबी-१वर येऊन बसतं. कॅल्शियमच्या वाटा आवळल्या जातात, पोटॅशियम बाहेर पडतं, तंतू सहजी पेटून उठत नाही. भांगेने दुखणं कमी होतं ते डोकं सुन्न झाल्यामुळे, असं आपण धरून चालतो. पण २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांच्या फक्त वेदनावाहक तंतूंतलं सीबी-१ काढून टाकलं, मेंदूतलं तसंच ठेवलं; तेव्हा भांगेतल्यासारख्या द्रव्यांचा वेदनाशामक परिणाम बराचसा नाहीसा झाला.

शरीर स्वतःही असं द्रव्य बनवतं. त्याचं नाव आनंदामाइड, ते १९९२ मध्ये सापडलं. पण हे महाशय दोन्हीकडचे: थोडं असलं की सीबी-१ला धरून तंतू शांत करतात, वाढलं की टीआरपीव्ही-१ उघडून त्यालाच चेतवतात, म्हणजे मिरचीचंच काम. त्यामुळे 'आनंदामाइड वाढवा, दुखणं पळेल' हा हिशेब मला पहिल्यापासून फार सोपा वाटतो. आनंदामाइड तोडणारं एफएएएच हे विकर रोखणारी गोळी गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांना देऊन पाहिली. रक्तात आनंदामाइड भरपूर वाढलं, गुडघे मात्र दुखतच राहिले. त्याचं हे एकच कारण असेल असं नाही, पण संशय इकडे जातोच. एफएएएच आणि टीआरपीव्ही-१ दोन्ही एकदम अडवणारे रेणूही आता तयार झाले आहेत. उंदरांमध्ये त्यांनी वेदना कमी केली आहे.