दक्षिण स्पेनमधली जुनी विमानं : काय उरलं आणि का

मालागाला उतरणारे बहुतेक प्रवासी सामान उचलतात आणि किनाऱ्याची वाट धरतात. त्याच विमानतळाच्या आवारात १९४८ सालची जुनी टर्मिनल इमारत जपून ठेवलेली आहे. तिथे विमानतळाचं संग्रहालय आहे, आणि बाहेर उघड्यावर दोन पिस्टन इंजिनांचं एक कॉनव्हेअर ४४० प्रवासी विमान उभं आहे. १९५० च्या दशकात स्पेनच्या राष्ट्रीय विमान कंपनीने या जातीची विमानं घेतली होती. पुढे जेट आली तशी ती हवाई दलाकडे गेली. कॉनव्हेअर देखणं आहे, पाहण्यासारखं आहे. पण जुन्या विमानांचं वेड घेऊन अँदालुसियात आलेल्या माणसाला थोड्याच वेळात प्रश्न पडतो, की बाकीची कुठे गेली? या प्रदेशात लष्करी विमानं शेकड्यांनी बनली. अटलांटिक ओलांडणारी स्पेनची गाजलेली उड्डाणं इथूनच निघाली. मग पाहायला मिळतं ते इतकं तुटपुंजं का?

सुरुवातीच्या काळाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यातलं जवळपास काहीच आज दक्षिणेत नाही. टूलूजहून मोरोक्कोकडे टपाल नेणाऱ्या फ्रेंच मार्गावर १९१९ मध्ये मालागा हा थांबा झाला, आणि विमानतळाचा इतिहास तिथपासून मोजतात. जानेवारी १९२६ मध्ये वेल्व्हाजवळच्या पालोसहून, म्हणजे कोलंबस जिथून निघाला त्याच बंदरातून, ‘प्लुस उल्त्रा’ ही डॉर्निए उडती नौका ब्युनोस आयर्सला गेली. ती अर्जेंटिनाला भेट दिली गेली आणि आज तिकडे लुहानच्या संग्रहालयात आहे. १९२९ मध्ये सेव्हियाच्या ताब्लादा धावपट्टीवरून निघालेलं ब्रेगे-१९ ब्राझीलमधल्या बाहियाला पोचलं. ते माद्रिदला आहे. १९३३ मध्ये त्याच धावपट्टीवरून निघालेलं दुसरं ब्रेगे न थांबता क्युबातल्या कामाग्वेला पोचलं आणि काही दिवसांनी मेक्सिकोच्या वाटेवर वैमानिकांसह नाहीसं झालं. त्याची आता प्रतिकृतीच पाहायची, तीही माद्रिदलाच.

मग १९३६, स्पेनच्या यादवी युद्धाची सुरुवात. उन्हाळ्यात बंडखोर सैन्य मोरोक्कोत अडकून पडलं होतं. जर्मनीने पाठवलेल्या युंकर्स ५२ विमानांनी तिथल्या तेतुआनहून सेव्हिया आणि हेरेझपर्यंत खेपा घालून हजारो सैनिक समुद्रापार आणले. विमानवेड्यांच्या लिखाणात याचा उल्लेख ‘जगातला पहिला मोठा हवाई पूल’ असा कौतुकाने येतो, आणि ते सैनिक उतरल्यावर अँदालुसियाच्या गावांत काय झालं याबद्दल त्याच लिखाणात एक ओळही सापडत नाही. यंत्राचं कौतुक करायला हरकत नाही. पण विमानाची पाटी वाचताना वर्ष पाहावं, आणि त्या वर्षी त्या धावपट्टीवर कोण उतरत होतं हेही आठवावं. युंकर्स ५२ पुढे स्पेनमध्येच परवान्याखाली बनलं, १७० च्या संख्येने, पण माद्रिदजवळच्या खेताफेत. म्हणून या टिपणात त्याला इथेच सोडतो.

सेव्हियाचा खरा काळ सुरू होतो १९४० च्या दशकात. ताब्लादाच्या कारखान्यात हाइंकेल १११ या जर्मन बॉम्बफेकी विमानाची स्पॅनिश आवृत्ती तयार झाली. एकूण २३६ बनली. पहिलं उडालं मे १९४५ मध्ये, म्हणजे मूळ विमान ज्या युद्धासाठी आखलं गेलं ते युरोपात संपल्यानंतर. शहरातल्या दुसऱ्या कारखान्याची कथा त्याहून विचित्र आहे. १९४२ च्या कराराप्रमाणे जर्मनीने मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाचे २५ सांगाडे पाठवायचे होते. ते आले, पण शेपटीविना, आणि आराखडेही अर्धवट. इंजिनं तर आलीच नाहीत. शेवटी हाती असलेलं हिस्पानो-सुइझा इंजिन बसवलं गेलं. काम चालत होतं, पण समाधानकारक नव्हतं. १९५४ मध्ये ब्रिटिश मर्लिन इंजिन बसवलेली आवृत्ती उडाली, आणि फुगलेल्या नाकामुळे तिला छाती फुगवणाऱ्या कबुतराचं नाव पडलं, ‘बुचोन’. ती मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या १९५७-५८ च्या इफ्नी युद्धात वापरली गेली आणि १९६५ च्या अखेरीस निवृत्त झाली.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. वाद सुरू होतो १९६८ पासून, आणि दक्षिण स्पेनमध्ये जुनी विमानं का दिसत नाहीत याचं बरंचसं उत्तर त्या एका वर्षात आहे.

१९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई युद्धावर एक मोठा ब्रिटिश चित्रपट निघायचा होता. जर्मन विमानं हवी होती, उडणारी आणि डझनांनी. जर्मनीत ती उरली नव्हती. ती होती सेव्हियात. बुचोन नुकतीच बाद झाली होती आणि भंगाराच्या वाटेवर होती, तर बॉम्बफेकी हाइंकेल अजून स्पॅनिश हवाई दलात सेवेत होती. सत्तावीस बुचोन चित्रपटवाल्यांच्या हाती आली. बत्तीस बॉम्बफेकी विमानं स्पॅनिश हवाई दलाने चित्रीकरणासाठी वापरू दिली. ताब्लादा हा काही आठवडे जर्मन तळ झाला, आणि वेल्व्हाचा किनारा फ्रान्समधलं डंकर्क. बुचोनच्या पंखांची गोलसर टोकं कापून चौकोनी केली, शेपटीला खोटे आधारदांडे लावले, खोट्या तोफा बसवल्या, कारण १९४० सालचं मेसरश्मिट तसं दिसायचं. स्पॅनिश रंग खरवडून त्यावर स्वस्तिक आणि काळे क्रॉस रंगवले गेले. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचंच इंजिन पोटात असलेलं मेसरश्मिट पडद्यावर स्पिटफायरशी लढलं. हे खूप वेळा सांगून झालेलं आहे, म्हणून इथे एकदाच.

चित्रीकरण संपल्यावर ही बुचोन सेव्हियाला परतली नाहीत. काही ब्रिटनमध्ये राहिली. काही एका अमेरिकन वैमानिकाने मोबदल्यापोटी टेक्सासला नेली. तिथल्या हँगरमध्ये ती धूळ खात पडून होती, आणि तब्बल चार दशकांनंतर विकली गेली. एक जर्मनीला गेलं आणि मूळ जर्मन जातीचं डेमलर इंजिन बसवून पुन्हा ‘खरं’ मेसरश्मिट केलं गेलं. तेव्हापासून चर्चा अशी चालू आहे, की ही विमानं देणं ही चूक होती की सुटका?

सुटका म्हणणाऱ्यांची बाजू सरळ आहे. १९६८ मध्ये स्पेनला या विमानांची किंमत भंगाराच्या भावाने होती. जुन्या विमानांच्या संग्रहालयासाठी सरकारी निर्णय नुकताच झाला होता, प्रत्यक्षात ते लोकांसाठी उघडलं १९८१ मध्ये. मधल्या वर्षांत सत्तावीस लढाऊ विमानं कोणी सांभाळली असती? चित्रपट आला नसता तर आज जगभरच्या हवाई मेळ्यांत घोंघावणारी बुचोन दिसलीच नसती. एक-दोन कुठेतरी उभी असती, बाकीची वितळवलेली.

दुसरी बाजू म्हणते, विमान वाचलं, पण कोणाचं म्हणून वाचलं? संग्रहालयांत आणि मेळ्यांत ती जर्मन वेशात दिसतात. सेव्हियाच्या कामगारांनी रिव्हेट मारलेलं, स्पॅनिश पथकात सेवा केलेलं विमान प्रेक्षकाला ‘मेसरश्मिट’ म्हणून दाखवलं जातं. हाइंकेलच्या बाबतीत तेच. खरी जर्मन हाइंकेल १११ जगात मोजकी उरली आहेत, आणि त्यातलं एक, यादवी युद्धाच्या वेळचं, योगायोगाने स्पेनमध्येच माद्रिदला आहे. बाकी बहुतेक ठिकाणी लोक हाइंकेल म्हणून ज्याच्यासमोर फोटो काढतात ते ताब्लादात बनलेलं असतं. उडणारं शेवटचं अमेरिकेत होतं, ते जुलै २००३ मध्ये वायोमिंगमध्ये कोसळलं.

माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, पण पूर्ण नाही. वाचवलं हे खरंच. मात्र रंगाचा प्रश्न वाचवण्याच्या प्रश्नाहून वेगळा आहे, आणि चर्चेत दोन्ही एकत्र कालवले जातात. १९६८ मध्ये जर्मन रंग देणं ही चित्रपटाची गरज होती. त्यानंतरच्या प्रत्येक जीर्णोद्धारात पुन्हा तोच रंग देणं ही निवड होती, मेळ्याचं तिकीट खपवण्यासाठी केलेली. त्यात आता आणखी एक पदर चढला आहे. काही मालक विमान १९४० च्या नव्हे तर १९६८ च्या चित्रपटातल्या रंगात रंगवतात. म्हणजे ते जर्मनही नाही आणि स्पॅनिशही नाही, ते सिनेमातलं मेसरश्मिट आहे. हा निदान प्रामाणिकपणा म्हणता येईल. कारण त्या यंत्राच्या आयुष्यात चित्रपट खरंच घडला होता, ब्रिटनवरचं युद्ध घडलं नव्हतं. स्पॅनिश खुणांचं बुचोन पाहायचं तर माद्रिद गाठावं लागतं. सेव्हियातून अतिवेगवान रेल्वेने हे अडीच तासांचं काम आहे.

बुचोन बनवणाऱ्या कारखान्याचं दुसरं अपत्य म्हणजे साएता हे जेट. मेसरश्मिट ज्याच्या नावाने ओळखलं जातं त्या रचनाकाराला युद्धानंतर मायदेशात विमानं आखायची बंदी होती, म्हणून तो सेव्हियाला आला. त्याच्या आराखड्यावरून १२ ऑगस्ट १९५५ रोजी सान पाब्लो विमानतळावर स्पेनचं पहिलं जेट उडालं. दोन छोटी फ्रेंच इंजिनं नाकात शेजारीशेजारी, आणि धूर बाहेर पंखांच्या मुळाशी. प्रशिक्षणासाठी उत्तम यंत्र. इजिप्तने ते परवान्याखाली बनवलं.

मराठी वाचकाने थोडं थांबावं असा धागा इथे येतो. त्याच रचनाकाराने सेव्हियात स्वनातीत लढाऊ विमानाचं काम हाती घेतलं होतं. स्पेनला ते झेपेना, म्हणून तोही प्रकल्प इजिप्तकडे गेला. कैरोजवळ हेल्वानला ७ मार्च १९६४ रोजी हे एचए-३०० पहिल्यांदा उडालं, आणि उडवणारा होता भारतीय हवाई दलाचा चाचणी वैमानिक. भारताचा रस विमानापेक्षा त्याच्या इंजिनात होता, कारण आपल्या मारुत या लढाऊ विमानाला पुरेसं ताकदवान इंजिन मिळत नव्हतं. एक मारुत इजिप्तला पाठवून त्यावर ते इंजिन उडवूनही पाहिलं गेलं. १९६९ मध्ये इजिप्तने सगळंच गुंडाळलं. एचए-३०० आज जर्मनीत म्युनिकजवळ आहे. मुंबईत वरळीच्या विज्ञान केंद्राच्या आवारातलं मारुत पाहताना सेव्हियात ग्वादाल्किविर नदीच्या काठावरचा कारखाना कोणाला आठवत नाही, पण आठवायला जागा आहे.

१९७२ मध्ये हा सेव्हियाचा कारखाना दुसऱ्या मोठ्या स्पॅनिश कंपनीत विलीन झाला, ती कंपनी पुढे युरोपीय समूहात गेली, आणि डिसेंबर २००९ पासून सान पाब्लोवरून उडतात ती ए४००एम मालवाहू विमानं. ताब्लादाची धावपट्टी १९९० मध्ये बंद झाली. शहराला खेटून असलेलं, नदीच्या पुराचं पाणी शिरणारं एवढं मोठं माळरान! त्याचं काय करायचं यावर सेव्हियात वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. तिथे मोठं विमान संग्रहालय का झालं नाही, हे मला न सुटलेलं कोडं आहे. जागा होती, इतिहास होता, कामगारांच्या तीन पिढ्या होत्या. राष्ट्रीय संग्रह मात्र राजधानीत एकवटला आणि दक्षिणेच्या वाट्याला सुटी विमानं आली.

ती पाहायची म्हणजे शोधाशोध करावी लागते. स्पेनमध्ये निवृत्त लष्करी विमान तळाच्या दारात किंवा वाहतूक बेटावर खांबावर चढवायची रीत आहे. जवळ जाता येत नाही, आत डोकावता येत नाही, पण फुकट असतं आणि गाडीतून दिसतं. खांबावरच्या विमानाचे हाल होतात हे मात्र खरं. अँदालुसियाच्या उन्हात रंग खडूसारखा सुटतो, कॉकपिटचं पारदर्शक झाकण पिवळं पडून त्यावर बारीक तडे जातात, सांध्यांत पाणी साचून आतून ॲल्युमिनियम फुलतं. मालागाला त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेची भर. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उघड्यावरची विमानं पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच मालागाचं कॉनव्हेअर बऱ्या अवस्थेत दिसलं, तर त्यामागे कोणाची तरी नियमित घासपूस आहे असं समजावं.

पूर्वेकडे मुर्सियात सान हाविएरला हवाई दलाची प्रबोधिनी १९४० च्या दशकापासून आहे. मार मेनोरच्या खारकच्छाच्या काठावर हा तळ आहे आणि आवारात जुनी प्रशिक्षण विमानं मांडलेली आहेत. मात्र हा चालू लष्करी तळ असल्यामुळे एरवी सहज आत सोडत नाहीत. पूर्वी सामान्य प्रवासी विमानाने इथेच उतरायचे आणि खिडकीतून धावपट्टीपलीकडे नजर टाकता यायची. जानेवारी २०१९ मध्ये नागरी वाहतूक कोर्वेराच्या नव्या विमानतळावर हलवली आणि ती सोय गेली. १९७७ मध्ये पहिल्यांदा उडालेलं सी-१०१ हे स्पॅनिश प्रशिक्षण जेट इथे चार दशकं राबलं. त्याची जागा आता स्विस पीसी-२१ ने घेतली आहे, त्यामुळे खांबावर चढायला पुढचा नंबर त्याचा.