मालकी आणि वहिवाट: लिनक्स कर्नेलमधील आय_डेटा व आय_मॅपिंग

लिनक्स कर्नेलसाठी फाइलसिस्टीमचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला इनोडच्या (कर्नेल प्रत्येक फाइलबद्दलची माहिती ज्यात ठेवतो त्या) रचनेत दोन फील्ड भेटतात, आय_मॅपिंग आणि आय_डेटा. दोन्हींचा संबंध पेज कॅशेशी आहे, म्हणजे फाइलचा जो मजकूर डिस्कवरून एकदा आणून रॅममध्ये ठेवला जातो त्याच्याशी. साध्या फाइलच्या बाबतीत यांपैकी कोणतेही एक वापरले तरी कोड कंपाइल होतो, चाचण्या पार पडतात आणि वापरकर्त्याची काही तक्रार येत नाही. म्हणूनच हा गोंधळ टिकून राहतो. कोणत्या ओळीत कोणते नाव का लिहिले आहे हे पुष्कळदा कोडवरून कळू शकत नाही, ते शेजारच्या कमेंटलाच सांगावे लागते.

आधी पाया पाहू. पेज कॅशेचा हिशेब स्ट्रक्ट अॅड्रेस_स्पेस या रचनेत ठेवला जातो. तिच्या आत आय_पेजेस नावाचा एक एक्सअॅरे, म्हणजे क्रमांकावरून पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) शोधून देणारी यादी, असतो आणि फाइलमधील स्थानाला पेजच्या आकाराने भागून आलेला क्रमांक ही त्यातील शोधाची किल्ली असते. पेज ४०९६ बाइटचे असेल तर फाइलमधील १०००० हे स्थान क्रमांक २ च्या पेजमध्ये, त्या पेजच्या सुरुवातीपासून १८०८ बाइट आत सापडते. याच रचनेत होस्ट हा इनोडकडे परत नेणारा पॉइंटर (म्हणजे पत्ता) असतो, ए_ऑप्स हा ड्रायव्हरच्या फंक्शनांचा तक्ता असतो आणि डिस्कवर लिहिताना आलेल्या चुकीची नोंद ठेवणारे डब्ल्यूबी_एरर हे फील्डही असते.

आता फरक. आय_डेटा ही इनोडच्या पोटातच बसवलेली संपूर्ण अॅड्रेस_स्पेस आहे. ती इनोडबरोबर जन्मते आणि इनोडबरोबरच संपते. आय_मॅपिंग हा मात्र केवळ पॉइंटर आहे. इनोड तयार होताना इनोड_इनिट_ऑलवेज हे फंक्शन आय_मॅपिंगला त्याच इनोडच्या आय_डेटाचा पत्ता देते आणि बहुसंख्य इनोड आयुष्यभर त्याच स्थितीत राहतात. जमिनीच्या व्यवहारातील शब्द वापरायचे तर आय_डेटा ही मालकी आहे आणि आय_मॅपिंग ही वहिवाट. बहुतेक वेळा मालक आपलीच जमीन कसतो, त्यामुळे दोन शब्दांतील अंतर डोळ्यांत भरत नाही. ज्या ठिकाणी मालक एक आणि कसणारा दुसरा असतो, तेथे मात्र दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरणे महागात पडते.

अशी एक ठळक जागा म्हणजे ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे डिस्कसारखे साधन. स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए ही नोंद ज्या फाइलसिस्टीमवर असते त्या फाइलसिस्टीमचा एक इनोड तिच्या वाट्याला येतो, पण त्या इनोडमध्ये डिस्कचा मजकूर नसतो, फक्त डिव्हाइस ओळखण्यासाठीचे मेजर आणि मायनर क्रमांक असतात. एकाच डिस्कच्या अशा नोंदी दोन वेगवेगळ्या फाइलसिस्टीमवरही असू शकतात, उदाहरणार्थ एक मुख्य व्यवस्थेत आणि दुसरी एखाद्या क्रूटच्या (वेगळ्या मूळ डिरेक्टरीत बंदिस्त केलेल्या व्यवस्थेच्या) आत. प्रत्येक नोंदीने आपापला पेज कॅशे ठेवला असता, तर एका नोंदीतून लिहिलेले दुसऱ्या नोंदीतून वाचताना दिसलेच नसते. म्हणून कर्नेलच्या आत बीडेव्ह नावाची एक अंतर्गत फाइलसिस्टीम आहे, तिच्यात प्रत्येक ब्लॉक डिव्हाइसचा एकच खरा इनोड असतो, आणि डिस्कचा कॅशे त्या इनोडच्या आय_डेटामध्ये राहतो. जुन्या कर्नेलमध्ये नोंद उघडली की त्या नोंदीच्या इनोडचा आय_मॅपिंग या खऱ्या इनोडकडे वळवला जाई. मालकी रिकामी आणि वहिवाट दुसऱ्याच्या शेतात, अशी ती स्थिती असे.

येथून इनोड काढून टाकण्याच्या प्रसंगाकडे येऊ, कारण चुकीची सर्वांत मोठी किंमत तेथे मोजावी लागते. इव्हिक्ट_इनोड हे फंक्शन सुपरब्लॉकच्या, म्हणजे संपूर्ण फाइलसिस्टीमची माहिती ठेवणाऱ्या रचनेच्या, तक्त्यात असते, त्यामुळे ते फक्त साध्या फाइलींसाठी नव्हे, तर त्या फाइलसिस्टीमवरील डिरेक्टरी, सिमलिंक, डिव्हाइसच्या नोंदी अशा सर्व इनोडसाठी बोलावले जाते. त्यात ड्रायव्हर ट्रंकेट_इनोड_पेजेस_फायनल हे फंक्शन वापरून कॅशे रिकामा करतो. एक्स्ट४ सह काळजीपूर्वक लिहिलेल्या फाइलसिस्टीम या फंक्शनला आय_डेटाचाच पत्ता देतात. तेथे आय_मॅपिंग लिहिले, आणि जाणारा इनोड जुन्या पद्धतीच्या कर्नेलवरील ब्लॉक डिव्हाइसच्या नोंदीचा असला, तर त्या एका नोंदीच्या इव्हिक्शनबरोबर संपूर्ण डिस्कचा कॅशे फेकला जाईल. हे फंक्शन पेज डिस्कवर लिहून मग सोडत नाही, ते डर्टी (बदललेले पण डिस्कवर न लिहिलेले) पेजही तसेच टाकून देते. त्याच डिस्कवर माउंट केलेल्या एक्स्ट४ चा मेटाडेटा याच कॅशेतून ये-जा करत असल्यामुळे, एका फाइलसिस्टीमच्या ड्रायव्हरमधील एका शब्दाने दुसऱ्या फाइलसिस्टीमचे न लिहिलेले ब्लॉक हरवू शकतात.

उलट दिशेची चूक इतकी भयंकर दिसत नाही, पण ती अधिक गुपचूप असते. समजा, मजकूर डिस्कवर पोहोचवण्याचे काम करणाऱ्या एखाद्या सामाईक फंक्शनमध्ये आय_डेटा लिहिले गेले. ज्या इनोडची वहिवाट दुसरीकडे आहे त्याचा आय_डेटा रिकामा असतो. रिकाम्या कॅशेत लिहिण्यासारखे काही सापडत नाही, आणि फंक्शन शून्य, म्हणजे यश, परत करते. वापरकर्त्याचा एफसिंक (मजकूर डिस्कवर पोहोचवण्याची मागणी) यशस्वी होतो आणि मजकूर मात्र रॅममध्येच असतो. म्हणून मजकुराचे वाचन, लेखन आणि सिंक यांसाठी वहिवाट पाहायची आणि इनोडचा शेवट करताना मालकी पाहायची, हा नियम मी पक्का धरतो.

पुढे ब्लॉक डिव्हाइसचा हा भाग नव्याने लिहिला गेला. आता नोंदीच्या इनोडचा आय_मॅपिंग हलवला जात नाही. फाइल उघडताना तिच्या स्ट्रक्ट फाइलमधील (उघडलेल्या फाइलच्या रचनेतील) एफ_मॅपिंग खऱ्या इनोडच्या कॅशेकडे वळवला जातो आणि त्यापाठोपाठ एफ_डब्ल्यूबी_एररचा नमुना त्याच कॅशेवरून पुन्हा घेतला जातो, म्हणजे लेखनातील चुका योग्य जागेवरून मोजल्या जातात. यामुळे वाचणाऱ्याचे काम सोपे झाले असे मात्र नाही. फाइलचा इनोड आणि एफ_मॅपिंगचा होस्ट हे दोन वेगळे इनोड असू शकतात. आकार विचारायचा तर होस्टला विचारावा लागतो, कारण नोंदीच्या इनोडचा आकार शून्य असतो. जेनेरिक_फाइल_राइट_इटर या फंक्शनात कुलूप लावण्यासाठी इनोड एफ_मॅपिंगच्या होस्टवरून घेतला आहे तो याच कारणाने. डिव्हाइस-डॅक्सचा (मेमरीसारख्या साधनापर्यंत पेज कॅशे टाळून थेट पोहोचू देणारा) ड्रायव्हर तर आजही इनोडचा आय_मॅपिंग दुसऱ्या इनोडकडे वळवतो, तेव्हा हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही.

एक उदाहरण अगदी जवळून पाहण्यासारखे आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात घडलेल्या कोडा या वितरित फाइलसिस्टीममध्ये सर्व्हरवरून आणलेली फाइल स्थानिक डिस्कवरील एका फाइलमध्ये साठवली जाते. तिला होस्ट फाइल म्हणतात. अॅड्रेस_स्पेसमधील होस्ट या फील्डशी तिची गल्लत करू नये. वापरकर्त्याने कोडाच्या फाइलवर एममॅप केला (फाइल थेट आपल्या मेमरीत जोडून घेतली) की ड्रायव्हर तपासतो की कोडाच्या इनोडचा आय_मॅपिंग अजून स्वतःच्या आय_डेटाकडेच आहे का. असेल तर तो होस्ट फाइलच्या इनोडच्या आय_मॅपिंगकडे वळवला जातो. आधीच वेगळ्याच कॅशेकडे वळलेला असेल तर ईबिझी (म्हणजे व्यस्त) ही चूक परत येते. किती वेळा एममॅप झाले याची गणना सी_मॅपकाउंट या फील्डमध्ये ठेवली जाते, आणि फाइल बंद होता होता ती शून्यावर आली की आय_मॅपिंग पुन्हा स्वतःच्या आय_डेटाकडे आणला जातो. बंद करण्याच्या फंक्शनात त्या तपासणीवर एक छोटीशी कमेंट आहे, जिचा अर्थ ही फाइल आपण एममॅप केली होती का असा होतो. तिच्याखालची अट केवळ दोन पत्त्यांची तुलना करते. ती तुलना कशासाठी आहे हे त्या एका प्रश्नावाचून नव्या वाचकाला उमगले नसते.

कर्नेलच्या कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजात म्हटले आहे की कमेंटने कोड काय करतो ते सांगावे, कसे करतो ते सांगू नये. हा सल्ला बहुतांशी बरोबर आहे, पण आय_मॅपिंग आणि आय_डेटा यांच्यासारख्या जोडीपुढे तो अपुरा पडतो असे माझे मत आहे, कारण येथे काय हेही दोन्ही नावांत सारखेच दिसते. सांगायचे असते ते का. याचा उत्तम नमुना क्लिअर_इनोड या फंक्शनात आहे. तेथे आय_डेटाच्या आय_पेजेसचे कुलूप घेतले जाते, पेजची संख्या शून्य आहे ना हे तपासले जाते आणि कुलूप सोडले जाते. नुसता कोड वाचणाऱ्याला वाटेल की संख्या वाचायला कुलूप कशाला हवे, आणि तो ते काढूनही टाकेल. वरची कमेंट सांगते की रिक्लेम (मेमरी मोकळी करणारी कर्नेलची यंत्रणा) त्याच क्षणी शेवटचे पेज काढत असू शकतो आणि त्याच्या पायाखालून मॅपिंग मोकळे करणे चालणार नाही.

याउलट, अॅड्रेस_स्पेसच्या होस्ट या फील्डवरील कमेंट सांगते की मालक इनोड किंवा ब्लॉक_डिव्हाइस असतो. त्या फील्डचा प्रकार तर इनोडचा पॉइंटर हाच आहे. ब्लॉक_डिव्हाइस आणि त्याचा इनोड बीडेव्ह_इनोड या एकाच रचनेत जोडून ठेवलेले असतात, त्यामुळे कमेंटचा आशय लावता येतो, पण नवखा वाचक होस्टला ब्लॉक_डिव्हाइस समजून प्रकार बदलायला गेला तर दोष त्या वाक्याकडे जातो.

मी स्वतः तपासलेल्या एका ड्रायव्हरमध्ये इव्हिक्ट_इनोडच्या ओळीत आय_मॅपिंग होते आणि वर कमेंट होती, पेज कॅशे टाकून द्या. कमेंट खोटी नव्हती आणि साध्या फाइलींवर कोडही खोटा नव्हता. दुरुस्ती करताना शब्द बदलायला क्षणभर पुरला, कमेंट लिहायला मात्र बराच वेळ गेला. शेवटी ती अशी झाली: येथे मुद्दाम आय_डेटा वापरले आहे, आय_मॅपिंग दुसऱ्या इनोडच्या कॅशेकडे वळलेले असू शकते आणि तो कॅशे रिकामा करणे आपले काम नाही.