पपईवरचा पिठ्या ढेकूण आणि त्याच्या मागावर आलेला परोपजीवी

२०१० साली पुणे जिल्ह्यातल्या पपईच्या बागा पांढऱ्या पडू लागल्या. पानांची खालची बाजू, देठ, शेंडा, फळं, सगळीकडे कापसासारखा थर. किडीने सोडलेला गोड चिकटा खालच्या पानांवर गळायचा आणि त्यावर काळी बुरशी चढायची. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, शेतकऱ्यांना नवा नव्हता. द्राक्षात, सीताफळात त्याच्याशी वर्षानुवर्षं झुंज चालूच होती. पण ही जात वेगळी होती आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हती. अंगावर मेणाचा थर आणि अंडी कापसाच्या पुंजक्यात सुरक्षित, त्यामुळे वरून मारलेलं औषध आतपर्यंत पोचतच नाही. एका मादीची अंडी शेकड्यांत मोजावी लागतात. फवारणीतून वाचलेल्या चार माद्या पुन्हा झाड भरायला पुरतात.

ही कीड मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. तिथे ती कुणाला फारशी ठाऊकही नव्हती. तिचं शास्त्रीय वर्णनच १९९२ साली झालं. १९९०च्या दशकात ती कॅरिबियन बेटांवर पसरली, मग पॅसिफिक बेटांवर, आणि २००८ साली कोइमतूरजवळ सापडली. तमिळनाडूत पपईबरोबर तुती आणि टॅपिओकाही गेले. दोन वर्षांत ती आपल्याकडे आली.

इथे तिला जुनी ओळखीची वनस्पती भेटली. गाजर गवत. पपई मूळची त्याच मुलखातली, गाजर गवतही अमेरिका खंडातलंच. भारतात त्याची नोंद १९५५च्या सुमारास झाली तीसुद्धा पुण्यातच, कचऱ्याच्या ढिगाऱ्यांवर. परदेशी गव्हाबरोबर ते आलं असं मानलं जातं. बागेत कितीही फवारा, बांधावरच्या गाजर गवतावर आणि कुंपणाच्या जास्वंदीवर कीड मजेत नांदत होती. म्हणजे पीक तिकडचं, तण तिकडचं, कीड तिकडची; इथे नव्हता तो फक्त तिचा शत्रू.

अशा वेळी तो शत्रू मूळ देशातून शोधून आणायचा, ही कल्पना नवी नाही. कोबीवरच्या अळीसाठी इंग्लंडहून एक परोपजीवी, म्हणजे किडीच्याच अंगात वाढून तिला मारणारी, गांधीलमाशी अमेरिकेत नेली गेली ती १८८३ साली. आपल्याकडे फळबागांत हा प्रयोग आधी सफरचंदावर झाला. सफरचंदावरच्या लोकरी माव्यासाठी ॲफेलिनस माली हा परोपजीवी १९३०च्या दशकात हिमाचलच्या बागांत सोडला गेला. १९५७ साली राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेचं केंद्र बंगळूरला उघडलं आणि १९७७ पासून जैविक नियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातलं केंद्र याच जाळ्यातलं. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला मात्र मित्रकीटकांची खरी ओळख करून दिली ती उसाने. २००२ साली लोकरी माव्याने ऊस पांढरा केला, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या कीटकांची नावं साखर कारखान्यांच्या गटकार्यालयांपर्यंत पोचली. नंतर आलेल्या एनकार्सिया या परोपजीवीने तो मावा बराचसा आटोक्यात ठेवला.

पपईसाठी बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक ब्युरोने २०१० साली अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने पोर्तो रिकोहून तीन परोपजीवी मागवले. ते थेट शेतात सोडले नाहीत. आधी विलगीकरणात ठेवून रेशीमकिडा, मधमाशी यांसारख्या उपयोगी कीटकांना त्यांचा धोका नाही ना, हे पाहिलं गेलं. तिघांपैकी बाजी मारली ती ॲसेरोफेगस पपयी या कीटकाने. गांधीलमाशीच्या कुळातला, पण लांबी एक मिलिमीटरहूनही कमी. पानावर बसलेला दिसायलाही नजर हवी. दंश करणारी गांधीलमाशी डोळ्यांसमोर आणू नका. मादी पिठ्या ढेकणाच्या पिल्लाच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते, ढेकूण फुगून कडक आणि तपकिरी होतो, आणि भोक पाडून नवा कीटक बाहेर पडतो. शेतकऱ्याने बघायची खूण हीच: पांढऱ्या थरात तपकिरी, भोकाचे दाणे.

तमिळनाडूपाठोपाठ महाराष्ट्रातही तो सोडला गेला, पुण्याच्या बागांतही. हंगाम उलटता उलटता कीड ओसरली, ती इतकी की नंतर परोपजीवी वाढवण्यासाठी ढेकूणच शोधावे लागावेत. ज्या गाजर गवतावर आणि जास्वंदीवर कीड टिकायची, तिथेच हा कीटकही टिकला. तण या एकाच हिशेबात आपल्या बाजूने आलं.

मग द्राक्षात हेच का होत नाही, असा प्रश्न नारायणगाव-जुन्नरकडचा बागायतदार विचारतो आणि तो रास्त आहे. द्राक्षातल्या पिठ्या ढेकणावरही ॲनागायरस नावाचे परोपजीवी आहेत, ते इथे आधीपासून आहेत. पण छाटणीपासून काढणीपर्यंतच्या फवारण्यांच्या वेळापत्रकात ते तगत नाहीत. ढेकूण सालीखाली लपतो, परोपजीवी उघड्यावर फिरतो. औषधाचा पहिला बळी कोण, हे सांगायला नको. माझ्या मते पपईच्या यशाचं निम्मं श्रेय फवारणी थांबवण्याला द्यायला हवं. द्राक्षबागेत शिवाय मुंग्यांची भर. चिकट्याच्या लोभाने त्या ढेकणांची राखण करतात आणि परोपजीवीला हुसकावतात. म्हणून खोडावर चिकटपट्टी बांधून मुंग्या अडवायच्या, आणि ढेकूण खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे किंवा परोपजीवी सोडले की त्यानंतर कडक औषध बागेत न्यायचं नाही.