गांजाबंदी: 1893 चा आयोग ते 1985 चा कायदा

गांजा कायदेशीर करावा का, हा वाद आपल्याकडे पेटतो तेव्हा दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, सज्ञान माणसाने स्वतःच्या घरात काय ओढावे हे सरकारने सांगू नये. दुसरी म्हणते, त्याची किंमत घरचे लोक आणि सरकारी दवाखाने मोजतात. दोन्ही बाजू हा प्रश्न आपल्याकडे परदेशातून आल्यासारखे बोलतात. प्रत्यक्षात या प्रश्नाची त्या काळातली सर्वांत कसून चौकशी भारतातच झाली होती.

2 मार्च 1893 रोजी ब्रिटिश संसदेत विल्यम केन या दारूबंदीवादी खासदाराने हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न उपस्थित केला. गांजामुळे इथली वेड्यांची इस्पितळे भरत आहेत, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. त्यातून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते आणि सदस्यांत तीन भारतीय होते. आयोगाने 1,193 साक्षी नोंदवल्या. डॉक्टर, मिशनरी, जिल्हाधिकारी, आबकारी खात्याचे लोक आणि शेतकरी अशा सगळ्यांना प्रश्न विचारले गेले. आपल्या मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर भागातल्या गांजाच्या लागवडीचीही नोंद त्यात आहे.

वेडाच्या कारणांचा शोध हा त्या अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग. 1892 साली इस्पितळांत दाखल झालेल्या 1,344 रुग्णांपैकी 222 जणांच्या वेडाचे कारण गांजा-चरस असे लिहिले होते. आयोगाने ही 222 प्रकरणे एकेक करून तपासली. बऱ्याच ठिकाणी ‘कारण’ हा रकाना डॉक्टरने भरलेलाच नव्हता. रुग्णाला घेऊन येणाऱ्या पोलिसाने किंवा मॅजिस्ट्रेटच्या कारकुनाने तो भरला होता. रकाना रिकामा ठेवायचा नाही आणि माणूस कधी काळी चिलीम ओढत होता एवढे कळले, की तिथे ‘गांजा’ पडायचा. तपासाअंती 222 पैकी 98 प्रकरणेच टिकली आणि त्यांतही केवळ गांजा-चरस हेच कारण मानता येईल अशी 61 उरली.

1894 च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता: माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदी घालणे योग्य नाही. बंदी घातली तर लोक दारूकडे किंवा धोत्र्यासारख्या अधिक घातक नशेकडे वळतील, साधू-बैराग्यांत असंतोष होईल आणि ती राबवायला घरोघरी शिरावे लागेल. त्याऐवजी परवान्याने लागवड, चढा कर, मोजकी दुकाने आणि जवळ बाळगण्यावर मर्यादा असा मार्ग आयोगाने सुचवला. त्यात सरकारचा महसूल सुरक्षित राहत होता, हे विसरता येणार नाही. तीनपैकी दोन भारतीय सदस्यांनी आपली भिन्नमते नोंदवली, हेही विसरता येणार नाही. अहवालाचा दाखला देणाऱ्यांनी ती भिन्नमतेही तितक्याच आदराने वाचायला हवीत.

पुढची वळणे परदेशात ठरली. 1925 च्या जिनीव्हा परिषदेत इजिप्तच्या आग्रहावरून गांजा-चरस आंतरराष्ट्रीय नियंत्रणाच्या यादीत आले. अमली पदार्थांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 1961 च्या एकल करारात औषधी आणि वैज्ञानिक कारणांखेरीज त्यांचा वापर थांबवण्यासाठी 25 वर्षांची मुदत मिळाली. करार 1964 च्या डिसेंबरात अमलात आला, म्हणजे मुदत 1989 ला संपणार होती. कराराच्या व्याख्येतून पाने आणि बिया वगळलेल्या होत्या. महाशिवरात्रीची भांग त्यामुळेच वाचली.

मुदत जवळ येत असताना एनडीपीएस कायद्याचे, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचे, विधेयक 23 ऑगस्ट 1985 रोजी लोकसभेत आले. 16 सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि 14 नोव्हेंबरपासून कायदा लागू झाला. जो प्रश्न समजून घ्यायला एकोणिसाव्या शतकात हजाराहून अधिक साक्षी घेतल्या, तो स्वतंत्र देशाच्या संसदेने एका महिन्याच्या आत निकाली काढला. याची मला आजही खंत वाटते.

मूळ कायद्यात गांजासाठी जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा होती. 2001 च्या दुरुस्तीने मात्रेनुसार शिक्षा ठरवली. एक किलोपर्यंत अल्प मात्रा, वीस किलोच्या वर व्यावसायिक मात्रा. अल्प मात्रेला आज वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यावसायिक मात्रेला दहा ते वीस वर्षे, आणि जामीन मिळणे महाकठीण. लागवडीची कमाल शिक्षाही पाचावरून दहा वर्षांवर गेली.

म्हणून आज कोर्टात भांडण होते ते वजनाचे. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात कापसात किंवा तुरीत लावलेली झाडे पोलीस मुळासकट उपटतात आणि पाने, देठ, बियांसह काट्यावर चढवतात. कायद्याच्या व्याख्येत मात्र गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळधारणेचा शेंडा. शेंडे वेगळे करून तोलले होते का, पंचनाम्यात तसे लिहिले आहे का, यावर माणूस घरी जातो की वर्षानुवर्षे कच्चा कैदी म्हणून राहतो हे ठरू शकते. मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतले चित्र वेगळे. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या कायदेविषयक संशोधन संस्थेच्या अभ्यासात तिथे बहुतांश खटले स्वतः सेवन करणाऱ्यांवरच आढळले. आरोपींत झोपडपट्टीतले आणि रस्त्यावर राहणारे लोक मोठ्या संख्येने होते आणि गुन्हा कबूल करून सुटण्याकडे त्यांचा कल होता. स्वातंत्र्याचा मुद्दा इंग्रजी चर्चांमध्ये मांडला जातो. ते गमावतो तो मात्र हा माणूस.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खरे आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनुसार भांग, गांजा, चरस यांपैकी काही घेणारे सुमारे 3.1 कोटी लोक देशात आहेत आणि त्यांतल्या सुमारे 72 लाखांना उपचारांची किंवा मदतीची गरज आहे. कोवळ्या वयात सुरुवात झाली तर मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे आता डॉक्टर पुराव्यानिशी सांगतात, आणि आजचा माल पूर्वीपेक्षा कितीतरी कडक असतो. थायलंडने 2022 मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण विक्रीचे नियम आधी केले नाहीत. दुकाने रस्तोरस्ती उगवली आणि 2025 मध्ये सरकारला तो पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीपुरता मर्यादित करावा लागला. कॅनडाने 2018 मध्ये वय, मात्रा आणि विक्रीचे नियम ठरवूनच दार उघडले.

2 डिसेंबर 2020 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्याचा ठराव 27 विरुद्ध 25 मतांनी मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिले. देशातला कायदा तिथेच आहे. सेवनासाठीची कैद काढून टाकावी आणि विक्री खुली करण्याआधी संसदेने नवा चौकशी आयोग नेमावा, असे माझे मत आहे. त्याने मनोविकारतज्ज्ञांइतकेच शिरपूरच्या शेतकऱ्याला, कच्च्या कैद्याच्या घरच्यांना आणि व्यसनमुक्ती केंद्रातल्या मुलांच्या आयांनाही साक्षीला बोलवावे.