परगावचे काम आणि मधला दलाल: जपानमधील 'देकासेगी'ची पार्श्वभूमी

जपानमध्ये आठवडा-पंधरवड्यासाठी स्त्रियांनी परगावी जाऊन देहसेवेच्या, म्हणजे पैसे घेऊन लैंगिक सेवा देणाऱ्या, दुकानांत काम करण्याला 'देकासेगी' म्हणतात. राहायला खोली आणि रोजची किमान ठरावीक रक्कम, असा साधारण सौदा असतो. ओळखीचे कोणी भेटणार नाही, हेही परगावी जाण्याचे मोठे कारण. हा शब्द मूळचा शेतकऱ्यांचा. उत्तरेकडच्या तोहोकू भागात हिवाळाभर बर्फ साचतो, शेती थांबते. मग घरचे पुरुष साके ही तांदळाची दारू बनवायला किंवा टोकियोत बांधकामावर जात.

मुलींची वाट वेगळी होती. १६१७मध्ये एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, योशिवारा या वेश्यावस्तीला परवाना मिळाला. तिथे बापाने घेतलेली उचल फिटेपर्यंत मुलगी अडकून पडे. १८७२च्या हुकुमाने या स्त्रिया मुक्त झाल्या, पण लगेच मालक केवळ 'खोल्या भाड्याने देणारे' ठरले आणि स्त्रिया कागदोपत्री स्वखुशीने धंदा करणाऱ्या. कर्ज होते तसेच राहिले. ही कागदी सोय मला या साऱ्या इतिहासाचा कणा वाटते. नैर्ऋत्य जपानमधल्या अमाकुसा आणि शिमाबाराच्या गरीब मुली तर दलालांमार्फत सिंगापूर आणि थेट मुंबईच्या कामाठीपुऱ्यापर्यंत पोचल्या. १९३४च्या थंड उन्हाळ्यात तोहोकूत भात बुडाला, तेव्हाही मुली विकल्या गेल्या.

बापाने उचल घ्यायची आणि मुलीने ती अशा कामातून फेडायची, हा करारच रद्दबातल आहे, उचलही परत मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९५५मध्ये. पुढच्याच वर्षी वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला; १९५८पासून शिक्षा लागू झाल्या. पण बंदी संभोगाच्या सौद्यापुरती होती. बाकीच्या सेवा १९४८च्या करमणूक-व्यवसाय कायद्याच्या कक्षेत आल्या. १९८४च्या दुरुस्तीने नव्या दुकानांच्या जागांवर कडक मर्यादा घातल्या, त्यामुळे योशिवारा, सप्पोरोचे सुसुकिनो, बिवा सरोवराकाठचे ओगोतो अशा जुन्या वस्त्यांचे महत्त्व टिकले. १९९८च्या दुरुस्तीने दुकानाशिवाय, ग्राहकाकडे जाऊन चालणाऱ्या सेवेलाही कायद्यात जागा दिली.

आजही बहुतेक दुकाने देकासेगीला आलेल्या स्त्रियांना नोकर न मानता स्वतंत्र व्यावसायिक मानतात. गिऱ्हाईक कमी आले म्हणून कबूल केलेली रक्कम कापली, तर परक्या गावात दाद मागणे तिला फार अवघड जाते. करोनाकाळात सरकारने छोट्या व्यावसायिकांना मदत दिली, तीतून देहसेवेची दुकाने वगळली. जून २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वगळणे वैध ठरवले.

त्याच महिन्यात सुधारित करमणूक-व्यवसाय कायदा लागू झाला. बाई आणून देणाऱ्या दलालाला दुकानाने पैसे देणे आता गुन्हा आहे. होस्ट क्लबांनी, म्हणजे जिथे पुरुष यजमान स्त्री-गिऱ्हाइकांसोबत बसून त्यांचे मन रिझवतात अशा मद्यालयांनी, प्रेमाच्या भुलीने उधारी वाढवून ती फेडण्यासाठी स्त्रीला या धंद्यात ढकलण्यालाही मनाई झाली. उचल पूर्वी बापाच्या नावावर असे. आता कित्येक जणींच्या बाबतीत क्लबचे बिल तिच्याच नावावर असते.