साझेरॅक : एका पेल्यामागची शेती

गेल्या डिसेंबरात संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा चालू असताना पुण्याहून भाचा आला. त्याच्या बॅगेत राय व्हिस्कीची बाटली होती. रात्री शेकोटीशी बसून त्यानं साझेरॅक नावाचं पेय करून दाखवलं. आमच्या थोरल्या भावानं बाटली हातात फिरवून विचारलं, "राय म्हणजे आपली राईच का बे?" भाच्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना मी बराच मागं गेलो, आणि हाती आली ती बहुतेक शेतीचीच गोष्ट.

राय म्हणजे मोहरी नव्हे. ते गहू-जवाच्या जवळचं धान्य आहे. कडाक्याची थंडी आणि हलकी जमीन दोन्ही सोसतं, म्हणून युरोपातून अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी तेच पेरलं. डोंगरापलीकडच्या बाजारात पोत्यांनी धान्य नेणं परवडत नसे. त्याच धान्याची दारू गाळली की थोड्या ओझ्यात जास्त पैसा येई. १७९१ मध्ये सरकारनं या दारूवर कर बसवला आणि १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी बंड केलं. ते मोडायला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः फौजेसोबत निघाले. पुढे १७९७ मध्ये त्यांनीच आपल्या माउंट व्हर्ननच्या शेतावर भट्टी लावली. १७९९ साली तिथं सुमारे ११,००० गॅलन व्हिस्की निघाली, तीही मुख्यतः रायची. आज अमेरिकी कायद्यानुसार राय म्हणवून घ्यायला भिजवणीत निदान ५१ टक्के राय लागते.

पेयाची दुसरी बाजू न्यू ऑर्लिन्सची, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बंदराची. तिथं १८३० च्या दशकात आंत्वान पेशो नावाचा औषधविक्या जेन्शनच्या मुळीपासून लाल, कडू अर्क करून विकायचा. जेन्शन ही आपल्या किराईताच्या कुळातली वनस्पती. तापाला किराईताचा काढा प्यालेल्या माणसाला तो कडूपणा ओळखीचाच वाटेल. हा अर्क ब्रँडीत टाकून पेशो गिऱ्हाइकांना द्यायचा, आणि तो अंडी ठेवायच्या कपात द्यायचा म्हणून त्या कपाच्या फ्रेंच नावावरून 'कॉकटेल' शब्द आला, अशी कथा सांगतात. ती टिकत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रात १८०६ सालीच कॉकटेलची व्याख्या छापून आली होती : दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. तेव्हा पेशो लहान मूल होता.

न्यू ऑर्लिन्समध्ये पैसा खेळत होता तो कापसाचा. मिसिसिपी नदीतून गाठी उतरत आणि तिथून इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांकडे जात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, बंदरांची नाकेबंदी झाली, १८६२ मध्ये हे शहर उत्तरेच्या फौजेच्या हाती गेलं. गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा त्यांचं लक्ष वऱ्हाडावर आलं. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होतंच. भाव कडाडले, ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी उभी राहिली, खामगाव-अमरावतीच्या बाजाराला तेजी आली. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. तरी रेल्वे आली ती आलीच : १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आणि १८७० मध्ये खामगावला फाट्याची गाडी. आपल्या पणजोबांच्या घरात चार पैसे कधी आले नि कधी गेले, याचा हिशेब त्या बंदराशी बांधलेला आहे. म्हणून मला साझेरॅक परकं पेय वाटत नाही.

साझेरॅक हे नाव मुळात एका फ्रेंच कोन्याकचं, म्हणजे द्राक्षाच्या ब्रँडीचं. मग पेल्यात राय कशी आली? याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण एक बारीक कीड आहे. फिलॉक्सेरा नावाचा मावावर्गीय किडा अमेरिकेतून फ्रान्सला गेला. १८६० च्या दशकापासून तो द्राक्षवेलींची मुळं पोखरत सुटला. मळेच्या मळे वाळले, कोन्याक दुर्मिळ आणि महाग झाली, आणि बारमध्ये अमेरिकेतलीच राय वर चढली.

फ्रेंचांनी यावर काढलेला उपाय वरुडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकी वेलीची मुळं त्या किड्याला दाद देत नव्हती, म्हणून अमेरिकी खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम बांधलं. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत हेच काम चालतं. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला चीर देतात, आत नागपुरी संत्र्याचा डोळा बसवतात आणि पट्टीनं आवळतात. डोळा हिरवा राहिला की जीव भांड्यात पडतो. डिंक्या रोगाला रंगपूर खुंट बरा टिकतो, हे इथलं पोरगंही सांगतं.

रायवर पुढे दारूबंदीचा घाव बसला. अमेरिकेत १९२० ते १९३३ बंदी होती. भट्ट्या बंद पडल्या, आणि बंदी उठल्यावरही राय लवकर सावरली नाही. या शतकात तिला पुन्हा मागणी आली. २००८ मध्ये साझेरॅक न्यू ऑर्लिन्सचं अधिकृत कॉकटेल ठरलं. पेल्याला वास लावणारी अ‍ॅबसिंथ ही वनस्पतींची कडक दारूही अमेरिकेत १९१२ ते २००७ बंद होती, म्हणून १९३४ पासून तिच्या जागी बडीशेपेच्या वासाचं हर्बसेंट वापरात आलं. आपल्याकडे वर्धा नदी ओलांडून आष्टी-आर्वीकडे गेलं की दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. तिकडे हा पेला भरायचा नाही. इकडेही परवाना लागतो आणि वय २५ पूर्ण लागतं. हे मी भाच्याच्या मित्रांना आधी विचारतो, मग बाटलीला हात लावू देतो.

करायची रीत सोपी आहे. दोन पेले घ्यायचे. एकात बर्फ भरून तो गार व्हायला ठेवायचा. दुसऱ्यात साखरेचा एक खडा, त्यावर पेशोच्या अर्काचे तीन-चार शिडकावे, थेंबभर पाणी, आणि खडा चमच्यानं चेचायचा. मग ६० मिली राय आणि बर्फ घालून अर्धा मिनिट ढवळायचं. भांडं बंद करून हलवायचं नाही, फेस येतो. गार पेल्यातला बर्फ टाकून आत अ‍ॅबसिंथचे थेंब फिरवायचे आणि उरलेले ओतून द्यायचे. त्यात व्हिस्की गाळून घ्यायची. प्यायच्या पेल्यात बर्फ नसतो.

शेवटी वर पिळायची ती जाड सालीच्या पिवळ्या लिंबाची साल. आपलं कागदी लिंबू त्या कामाचं नाही, साल सुरीखाली फाटते. आम्ही झाडावरून त्याच दिवशी तोडलेल्या संत्र्याची साल घेतली. पेल्यावर धरून मुडपली तेव्हा शेकोटीच्या उजेडात तेलाचा बारीक फवारा उडालेला दिसला. थोरल्या भावानं पेला नाकाशी नेला आणि म्हणाला, "हे तर आपल्या वावराचा वास हाय."